इंग्रजी कादंबरीत तिचा काळ कसा शोधायचा

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत आणि लघुप्रबंधांत एक ठरलेला परिच्छेद असतो. औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, साम्राज्याचा अस्त, स्त्रियांची चळवळ, सगळे आठ-दहा ओळींत. हा परिच्छेद कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतो, त्यामुळे तो कुठल्याच कादंबरीबद्दल काही सांगत नाही. पार्श्वभूमी एकीकडे आणि कादंबरी दुसरीकडे असे एकदा झाले की पुढचे सगळे लिखाण त्या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

काळ कादंबरीच्या आतच असतो. एखाद्या रकमेत, डॉक्टरच्या एखाद्या वाक्यात, क्रियापदाच्या गळालेल्या प्रत्ययात. तिथे नेमके बोट ठेवता आले पाहिजे. खालची पद्धत त्यासाठी आहे. साधारण १९१० नंतरच्या इंग्लंडमधल्या कादंबऱ्यांना ती चांगली लागू पडते.

तयारीला फार काही लागत नाही. टिपांसह छापलेली आवृत्ती, एक ए-फोर कागद आणि पंचवीसेक चिठ्ठ्या. कादंबरी दोनदा वाचायची. पहिल्यांदा हातात पेन्सिलही घ्यायची नाही, कारण संदर्भ शोधत पहिले वाचन केले की कादंबरीचा जीव हाती लागत नाही. दुसऱ्या वाचनात चिठ्ठ्या लावायच्या. प्रस्तावना दोन्ही वाचनांनंतर वाचायची. आधी वाचली तर तिच्यातलीच निरीक्षणे आपली वाटू लागतात.

तीन तारखा

कागदावर सर्वांत वर तीन तारखा लिहा: कथानक घडते ते साल, लेखन झाले ती वर्षे आणि पुस्तक छापून आले ते साल. बहुतेक चुका या तीन तारखांची सरमिसळ केल्याने होतात.

कथानकाचे साल कधी उघड सांगितलेले असते, कधी खणून काढावे लागते. व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ छापली गेली १९२५ मध्ये. सुरुवातीच्या पानांवर एवढेच कळते की जूनचा मध्य आहे आणि युद्ध संपले आहे. साल सापडते ते पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परतून लंडनच्या रस्त्यांवर फिरत असतो तिथे. १९१८ ते १९२३ या पाच वर्षांत इथे बरेच काही बदलले, असे त्याच्या मनात येते. म्हणजे जून १९२३. एवढे कळले की कादंबरीच्या शेवटी क्लॅरिसा डॅलोवेच्या घरच्या पार्टीला येणाऱ्या पंतप्रधानाचा पक्ष कोणता, आणि सात महिन्यांनी, जानेवारी १९२४ मध्ये, इंग्लंडमध्ये पहिले मजूर सरकार आले, हेही जुळवता येते. कादंबरीतल्या त्या दिवाणखान्यातल्या माणसांना हे ठाऊक नाही. १९२५ मधल्या वाचकाला ठाऊक होते. या फरकातून ती पार्टी वेगळीच दिसू लागते.

ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’त कथानकाचे साल दिलेलेच नाही, आणि तिथे लेखनाची वर्षे कामाला येतात. तो १९१२-१३ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, परत जाऊन सुरुवातीची प्रकरणे लिहिली आणि अडकला. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव म्हणून तो पुन्हा आला. कादंबरी पुरी होऊन छापली गेली १९२४ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध, जालियनवाला बाग आणि असहकार हे सगळे होऊन गेले होते. त्यामुळे या कादंबरीत दोन थर आहेत. क्लब, ब्रिज पार्टी (पत्त्यांची नव्हे, इंग्रज आणि हिंदी लोकांमध्ये पूल बांधायची), साहेबांचा निर्धास्त तुटकपणा हा युद्धाआधीचा थर. गुहेत एका इंग्रज तरुणीवर हात टाकल्याच्या आरोपावरून डॉ. अझीझवर खटला चालतो, त्या वेळची इंग्रजांची भीती १९१९ नंतरची.

तो वरचा थर दिसतो असे एक ठिकाण चोविसाव्या प्रकरणात आहे. खटल्याच्या दिवशी कलेक्टरची बायको मिसेस टर्टन भडकून म्हणते की इंग्रज बाई नजरेस पडली की या लोकांनी इथपासून गुहांपर्यंत हातापायांवर रांगत गेले पाहिजे. नुसते वाचले तर एका संतापी बाईची अतिशयोक्ती वाटते. पण एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरच्या ज्या गल्लीत एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला झाला होता, तिथून जाणाऱ्या हिंदी माणसांनी पोटावर सरपटत जावे असा हुकूम जनरल डायरने खरोखरच काढला होता. ८ जुलै १९२० रोजी डायर प्रकरणावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये मोठी चर्चा झाली. १९२४ च्या इंग्रज वाचकाला रांगणे या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नव्हता. चिठ्ठी लावायची ती अशा जागी. त्या चर्चेचे इतिवृत्त हॅन्सार्डच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या अधिकृत नोंदींच्या, संकेतस्थळावर फुकट वाचता येते. दोन-तीन भाषणे वाचा, क्लबमधल्या संवादांची भाषा तिथे भेटेल.

याच कादंबरीत मराठी वाचकाला एक वाट आयतीच मिळते. तिसऱ्या भागात मऊ नावाच्या संस्थानात गोकुळाष्टमीचा उत्सव चालू आहे आणि प्राध्यापक गोडबोले गातात: तुकारामा, तूच माझा बाप, माय आणि सर्व काही. मध्य हिंदुस्थानात तुकाराम कुठून आला? देवास हे माळव्यातले मराठा संस्थान, तिथून. फॉर्स्टरने तिथला अष्टमीचा उत्सव स्वतः पाहिला होता. पण ओळखीचे नाव दिसले म्हणून आनंद मानून थांबू नका. कथानक संस्थानात का गेले, हे विचारा. पहिले दोन भाग चंद्रापूर या काल्पनिक गावात (आपले चंद्रपूर नव्हे), म्हणजे कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट आणि सिव्हिल सर्जनच्या थेट अमलाखाली घडतात. खटल्यानंतर अझीझला इंग्रजांपासून लांब जायचे असते, म्हणून तो संस्थानात डॉक्टर होतो. ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थाने ही त्या वेळच्या नकाशातली फाळणी कादंबरीच्या भागांची फाळणी झाली आहे. राजकारणाने कादंबरीची रचना घडवली असे म्हणायचे असेल, तर दाखवायला असे उदाहरण हवे.

पैसे मोजा

दुसऱ्या वाचनात प्रत्येक रकमेवर चिठ्ठी लावा. कोष्टक पाठच करून टाका: १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड, २१ शिलिंगांची १ गिनी. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालली. जुन्या पौंडांचे आजचे रुपये करणारी यंत्रे वापरू नका. घरभाडे, नोकराचा पगार आणि पुस्तकाची किंमत या तिन्हींची महागाई एका वेगाने झालेली नाही, त्यामुळे येणारा आकडा फसवतो. त्याऐवजी कादंबरीतल्याच दोन रकमा शेजारी ठेवा.

‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) यासाठी उत्तम आहे. मार्गारेट श्लेगेल उघड सांगते की ती वर्षाला ६०० पौंडांवर उभी आहे, बहीण हेलन तेवढ्यावरच, आणि धाकटा भाऊ टिबी ८०० वर उभा राहील. हे पगार नाहीत, गुंतवणुकीचे उत्पन्न आहे. ४ टक्के दर धरला तर ६०० पौंडांमागे १५,००० पौंडांचे भांडवल येते. आता दुसरीकडे विमा कंपनीतला कारकून लेनर्ड बास्ट. श्लेगेल बहिणींच्या ओळखीचा धनाढ्य व्यावसायिक हेन्री विलकॉक्स याने सहज बोलता बोलता सांगितले की ती कंपनी बुडणार आहे. बहिणींनी ते लेनर्डला सांगितले, त्याने नोकरी सोडली. कंपनी काही बुडाली नाही. नवी नोकरी कमी पगाराची होती, आणि बँकेने माणसे कमी केली तेव्हा तीही गेली. इथे विचारायचा प्रश्न: त्याला आधार कसला होता? नॅशनल इन्शुरन्स कायदा आला १९११ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या पुढच्या वर्षी, आणि त्यातला बेकारीचा विमा बांधकाम, जहाजबांधणी, इंजिनियरिंग अशा मोजक्या धंद्यांपुरता होता. कारकून त्यात बसतच नव्हता. सहज बोललेल्या एका वाक्याने एक माणूस उद्ध्वस्त होतो, याचे कारण लेनर्डच्या स्वभावात कमी आणि या रिकाम्या जागेत जास्त आहे.

त्याच कादंबरीत निवेदक म्हणतो की अगदी गरिबांशी आपल्याला कर्तव्य नाही, त्यांचा विचार करणे संख्याशास्त्रज्ञाने किंवा कवीने पाहावे. या वाक्याखाली जाड रेघ मारा. कादंबरीने आपली नजर कुठवर जाते ते स्वतःच सांगितले आहे. त्या रेषेच्या काठावर लेनर्ड उभा आहे, आणि म्हणून त्याची छत्री, त्याचा उसना वाचलेला रस्किन, सगळे इतके अवघडलेले वाटते.

कायदा शोधा

कादंबरीतली माणसे कायद्याचे नाव क्वचितच घेतात. तो त्यांना माहीत असतो, आपल्याला नसतो. ‘मिसेस डॅलोवे’मध्ये युद्धातून परतलेला सेप्टिमस भ्रमिष्ट झाला आहे. सर विल्यम ब्रॅडशॉ त्याला पाऊण तास तपासतात आणि त्याच्या बायकोला सांगतात की त्याला आरोग्यधामात हलवावेच लागेल, त्याने जीव देण्याची धमकी दिली आहे, हा कायद्याचा प्रश्न आहे. आपण हे वाक्य वाचून पुढे जातो. पण इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न १९६१ पर्यंत गुन्हा होता. डॉक्टरच्या मागे पोलीस उभा आहे हे त्या छोट्या वाक्यात आहे. त्यात भर घाला १९२२ ची: त्या वर्षी वॉर ऑफिसच्या समितीने शेल-शॉकवर, म्हणजे रणांगणावर बसणाऱ्या मानसिक आघातावर, अहवाल दिला होता. म्हणजे जून १९२३ मध्ये हा विषय वर्तमानपत्रांत ताजा होता. सेप्टिमसवर लिहिताना ‘युद्धाचे मानसिक परिणाम’ एवढेच लिहून थांबणे म्हणजे हातचे सोडून देणे.

कायद्यांची यादी मात्र लांबवू नका. एका कादंबरीला दोन, फार तर तीन. स्त्रियांसंबंधी लिहिताना बहुतेक वेळा पुढचे पुरतात: विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता देणारा १८८२ चा कायदा, ३० वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत देणारा १९१८ चा, आणि पुरुषांप्रमाणेच २१ व्या वर्षी मत देणारा १९२८ चा. १९१८ मध्ये ‘स्त्रियांना मताधिकार मिळाला’ असे सरसकट लिहिणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. त्या वर्षीही कारखान्यात काम करणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला मत नव्हते.

पुस्तक कोण विकत घेत होते

हा भाग विद्यार्थी हमखास वगळतात, आणि आधुनिक कादंबरीच्या घडणीत माझ्या मते यालाच सर्वांत कमी न्याय मिळतो. व्हिक्टोरियन काळात नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. शेतमजुराची दोन आठवड्यांची मजुरीही तेवढी नव्हती. विकत कोण घेणार? घेत होती भाडेवाचनालये, मुख्यतः मुडीज. वर्षाला एक गिनी वर्गणी, एका वेळी एक खंड. तीन खंड म्हणजे एकच कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे. धंद्याला सोयीचे, म्हणून लेखकाने मजकूर तीन खंड भरेल एवढा ताणायचा, आणि घरातल्या तरुण मुलीच्या हाती देता येणार नाही असे काही लिहायचे नाही.

१८९४ मध्ये मुडीज आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या वाचनालयांनी जाहीर केले की यापुढे एका खंडाला चार शिलिंगांहून जास्त देणार नाही. तीन-चार वर्षांत तीन खंडांची कादंबरी संपली, सहा शिलिंगांची एकखंडी रूढ झाली. विसाव्या शतकातली कादंबरी आटोपशीर का झाली, तिला लग्नाशिवाय शेवट का करता येऊ लागला, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. पुढे वुल्फ दांपत्याने १९१७ मध्ये घरीच होगार्थ प्रेस सुरू केला, तेव्हा उरलेली अडचणही गेली. ‘मिसेस डॅलोवे’ त्याच प्रेसने काढली. संपादकाला पटवायचे नव्हते, वाचनालयाला खूश ठेवायचे नव्हते.

किंमत आणि वर्ग यांचा संबंध किती घट्ट, हे १९६० च्या लेडी चॅटर्ली खटल्यात उघडे पडले. लॉरेन्सने ही कादंबरी १९२८ मध्ये फ्लोरेन्सला खाजगीरीत्या छापली होती. पेंग्विनने ती साडेतीन शिलिंगांत काढायचे ठरवले आणि खटला उभा राहिला. सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारले की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचलेले तुम्हाला चालेल का. त्या ज्यूरीत तीन स्त्रिया होत्या. २ नोव्हेंबरला निर्दोष असा निकाल लागला आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती गेल्या. आपल्याकडे मात्र याच पुस्तकाच्या विक्रीसाठी मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यांना भारतीय दंडविधानाच्या २९२ कलमाखाली शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या निकालात वापरलेली अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या एका इंग्रजी खटल्यातली होती. इंग्लंडने १९५९ मध्ये नव्या कायद्याने ती बाजूला सारली होती.

यातून एक काम निघते: आपल्या हातातली प्रत कोणती ते आधी पाहा. या कादंबरीच्या १९६० पूर्वीच्या कित्येक छापील प्रती काटछाट केलेल्या आहेत. तशा प्रतीवरून लॉरेन्सच्या धाडसाबद्दल लिहिलेला निबंध पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. आतल्या पानावर संपूर्ण मजकूर असल्याचा उल्लेख आहे का, ते तपासा.

जे लिहिलेले नाही

काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) मध्ये सुरुवातीलाच तारीख आहे: जुलै १९५६. बटलर स्टीव्हन्स मोटारीने इंग्लंडच्या पश्चिम भागात जातो, गावकऱ्यांशी बोलतो, युद्धाआधी नाझींशी सलगी करणाऱ्या जुन्या मालकाच्या आठवणी काढतो. त्याच महिन्याच्या २६ तारखेला इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनची महासत्ता म्हणून असलेली पत काही महिन्यांत गेली. कादंबरीत सुएझचा शब्दही नाही. आयुष्यभर एका चुकीच्या मालकाची निष्ठेने सेवा केलेला माणूस नेमक्या त्या महिन्यात प्रवासाला निघतो, आणि कादंबरी गप्प बसते.

असे मौन ओळखायला तीन तारखा कागदावर लागतात. पण इथे हात आवरा. प्रत्येक अनुल्लेख म्हणजे मौन नसते. लेखकाने स्वतः तारीख नेमून दिली असेल आणि वगळलेली गोष्ट कादंबरीच्या मुख्य दुखण्याला भिडत असेल, तरच तो मुद्दा करा.

निवेदनाची भाषा

सॅम सेल्व्हनच्या ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) चे पहिले वाक्य मोठ्याने वाचा. मोझेस नावाचा माणूस त्रिनिदादहून येणाऱ्या कुणाला तरी घ्यायला ४६ नंबरची बस पकडून वॉटर्लू स्टेशनला निघाला आहे. तिथे क्रियापद ‘हॉप’ असे येते, ‘हॉप्स’ किंवा ‘हॉप्ड’ नाही. बोलतोय कोण? पात्र नाही, निवेदक. मराठी वाचकाला यातले धाडस चटकन कळावे, कारण संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत ही वाटणी आपल्या कादंबरीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. सेल्व्हनने आधी निवेदन प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिले होते. ते पुढे सरकेना, म्हणून त्याने सगळेच कॅरिबियन बोलीच्या वळणावर नेले.

आता कायदा शेजारी ठेवा. १९४८ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनचे नागरिकत्व दिले. त्याच वर्षी २२ जूनला कॅरिबियन बेटांवरून शेकडो स्थलांतरितांना घेऊन ‘एम्पायर विंडरश’ जहाज लंडनजवळच्या टिलबरीला लागले. मोझेस आणि त्याचे दोस्त कागदोपत्री पाहुणे नव्हते, नागरिक होते. घरमालक आणि मुकादम मात्र त्यांना उपरे मानत होते. हातात नागरिकत्व आहे, पण शहर आपले मानत नाही, अशा वेळी शहराची गोष्ट सांगणारा आवाजच आपला करून टाकायचा, हे या कादंबरीने केले.

हमखास होणाऱ्या चुका

‘महायुद्धामुळे संज्ञाप्रवाह आला.’ संज्ञाप्रवाह म्हणजे पात्राच्या मनातला विचारांचा अखंड ओघ टिपणारे तंत्र. तारखा पाहा. याच तंत्रातली डोरोथी रिचर्डसनची ‘पॉइंटेड रूफ्स’ १९१५ मध्ये छापली गेली, पण लिहिली युद्धाआधी. ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द मानसशास्त्रात विल्यम जेम्सने १८९० मध्येच रूढ केला होता. युद्धाने तंत्र जन्माला घातले नाही, त्या तंत्राला तातडीचे काम दिले. ‘मुळे’ हा शब्द लिहिण्याआधी कारण आधी आणि परिणाम नंतर आहे ना, एवढे तरी पाहा.

‘१८७० च्या शिक्षण कायद्याने वाचकवर्ग निर्माण केला.’ त्या सुमारास इंग्लंडमध्ये विवाहनोंदणीत दहापैकी आठ नवरदेव आणि सात नवऱ्या स्वतःची सही करत होत्या. कायद्याने वाचकवर्ग वाढवला, शून्यातून उभा केला नाही.

पात्राचे मत लेखकाच्या नावावर खपवणे ही तिसरी, आणि निवेदक जिथे पात्राच्या मनात शिरून बोलतो तिथे ती फार होते. वाक्य कुणाच्या तोंडचे किंवा मनातले ते चिठ्ठीवरच लिहून ठेवा.

लिहायला बसताना

पंचवीस चिठ्ठ्यांतल्या पाचच ठेवा. निवडताना एकच कसोटी: ही जागा काढून टाकली किंवा साल बदलले तर कादंबरी बिघडते का? बिघडत नसेल तर चिठ्ठी फेका, माहिती कितीही रोचक असो. दीड हजार शब्दांच्या निबंधात इतिहासाला एकूण दोनशे-अडीचशे शब्द पुरतात, आणि तेही एकगठ्ठा सुरुवातीला नकोत. प्रत्येक उताऱ्याच्या शेजारी त्याला लागेल तेवढाच, दोन-तीन वाक्यांचा इतिहास द्या. क्रम नेहमी उताऱ्यापासून बाहेर: आधी वाक्य, मग त्यातला खटकणारा शब्द, मग तो शब्द तसा का आहे हे सांगणारी तारीख किंवा रक्कम, आणि परत वाक्याकडे. पाचांपैकी एक तरी जागा रचनेची किंवा भाषेची असू द्या, म्हणजे मऊ संस्थानासारखी किंवा त्या ‘हॉप’सारखी. पाचही जागा आशयाच्याच निघाल्या, तर दुसरे वाचन अजून व्हायचे आहे असे समजून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करा.